आमच्या दिंडीतले मेजर

(शताब्दी सोहळ्यात मंदिरात केलेले भाषण. बोललो तसेच उतरवून घेतले आहे.)

शंभर वर्षं झाली आपल्या दिंडीला. कमिटीनं सांगितलं, महाराज, तुम्ही अर्धा तास बोला, जुन्या माणसांबद्दल बोला. कीर्तन असतं तर अभंग लावला असता, चार दृष्टांत दिले असते, अडखळलो तर टाळकऱ्यांनी धरून नेलं असतं. भाषणाचं तसं नाही. भाषणात माणूस एकटा पडतो. आमची शाळा चौथीपर्यंत. तेव्हा शब्द मागंपुढं झाला तर सांभाळून घ्या.

जुनी माणसं पुष्कळ. आमच्या आजोबांबद्दल आणि ज्यांनी दिंडी काढली त्यांच्याबद्दल दुसरे बोलतील, पुस्तकातही आलंच आहे. आम्ही मेजरांबद्दल बोलणार. नाव घेत नाही, कारण नाव घेतलेलं त्यांना आवडायचं नाही. गावात कुणीही फौजी पेन्शनीवर आला की तो मेजरच. हे खरं तर नायब सुभेदार होऊन आले. पण सारा गाव मेजर म्हणतो, आम्हीही मेजरच म्हणणार.

चीनची लढाई झाली, त्याच्या दुसऱ्या वर्षी, म्हणजे १९६३ ला ते भरती झाले. घरची जिरायत साडेचार एकर, पाऊस असा तसा. माण-खटावच्या पोराला तेव्हा दोनच वाटा, मुंबईला माथाडी नाहीतर बेळगावला पलटण. हे बेळगावला गेले. मराठा लाईट इन्फंट्री, पहिली पलटण, जिला जंगी पलटण म्हणतात. १७६८ सालची पलटण आहे ती. घरात तीन पिढ्यांची माळ. आईनं निघताना सांगितलं, माळ काढू नको. तर मेजर सांगायचे, ट्रेनिंगमध्ये उस्तादानं गळ्यात हात घालून विचारलं, हे काय? म्हटलं, माळ. उस्ताद म्हणाला, राहू दे, पण पळताना तोंडात येऊ देऊ नको. दर रविवारी पलटणीत मंदिर परेड असते, तिथं ह्यांचा आवाज मोठा. पेटी कुणाला येत नव्हती, पण टाळ होते.

१९६६ ला लग्न झालं. काकी घरात आल्या आणि महिन्यात मेजर परत पलटणीत गेले. त्या घरची आषाढीची वारी तीन पिढ्या चुकलेली नव्हती. सासरे थकलेले, नवरा फौजेत. सासू म्हणाली, वारी मोडायची नाही. मग पुढच्या आषाढीला काकी निघाल्या. एकोणीस वर्षांची पोर, डोक्यावर तुळस, मागं बायकांच्या ओळीत. पुढं मेजर पेन्शनीवर येईपर्यंत, १९८९ पर्यंत, दोन बाळंतपणांची वर्षं सोडली तर एकही आषाढी त्यांनी चुकवली नाही. गावातून आळंदी, आळंदीतून पंढरपूर, सगळं पायी. हे सगळं त्यांच्या नावावर नाही. ते पुढं सांगतो.

आता आमचा ह्यात काय संबंध? आमचं घर त्यांच्या घराला लागून. काकींना अक्षरओळख नव्हती. पोस्टमन मनिऑर्डर आणायचा, काकी अंगठा लावायच्या. आणि पत्र आलं की आम्हाला हाक. आम्ही तेव्हा दहा-बारा वर्षांचे, चौथी पास. निळं आंतर्देशीय पत्र, वर पत्ता मराठीत, खाली ५६ एपीओ. हे एपीओ कुठलं गाव, म्हणून आम्ही मास्तरांना विचारलं होतं. मास्तर म्हणाले, ते गाव नकाशात नसतं. आम्ही पत्र वाचून दाखवायचो आणि उत्तर काकी सांगतील तसं लिहायचो. ‘सर्व खुशाल आहे, आपली खुशाली कळवणे.’ हे वाक्य आम्ही किती वेळा लिहिलं असेल ते माऊलीच जाणे. चौथीच्या विद्येचा पहिला उपयोग आमच्या हातून हा झाला.

१९७१ च्या डिसेंबरात तीन आठवडे पत्र नाही. ग्रामपंचायतीच्या रेडिओपाशी सारा गाव बसायचा. काकी बसायच्या नाहीत. त्या म्हणायच्या, रेडिओ काय माझ्या माणसाचं नाव घेणार हाय? मी भाकरी करते. आमची आई सांगायची, त्या दिवसांत काकी रोज दोन भाकरी जास्त करायच्या आणि सकाळी म्हशीला घालायच्या.

पलटण तेव्हा बांगलादेशात होती. जमालपूर म्हणून ब्रह्मपुत्रेच्या काठचं गाव आहे. आत पाकिस्तानची बलुच पलटण खंदक करून बसलेली. आपल्या ब्रिगेडच्या साहेबानं एका मुक्तिवाहिनीवाल्याच्या हाती चिठ्ठी पाठवली की शरण या. जबाब आला तो कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून. जंगी पलटण नदी ओलांडून गावाच्या पाठीमागं गेली होती आणि टांगाईलकडं जाणारा रस्ता तिनं अडवला होता. १० आणि ११ डिसेंबरच्या मधल्या रात्री आतली फौज अंधारात निसटायला निघाली, ती सरळ ह्यांच्या मोर्चांवर आली. पहाटेपर्यंत चाललं. उजाडल्यावर जी उरली ती शरण आली. त्याच दिवशी टांगाईलला आपली छत्रीवाली पलटण उतरली, दुसऱ्या दिवशी मराठे तिला जाऊन मिळाले, आणि १६ तारखेला ढाका पडलं. पुस्तकात लढाई एवढीच असते. मेजर तेव्हा लान्स नाईक होते, रस्त्याच्या कडेच्या मोर्चात मशीनगनवर. ते गावात आले की पोरं मागं लागायची, मेजर, लढाई सांगा. ते हीच एवढी गोष्ट सांगायचे, कागदातल्या गोळीची. पोरं खूश व्हायची. त्याच्या पुढचं त्यांनी एकदाच सांगितलं, तेही चाळीस वर्षांनी.

त्या आधी एक सांगतो. लढाईवरून ते पुढच्या जुलैत रजेवर आले. आषाढी होऊन गेली होती, रजा कधी वेळेवर मिळाली नाही. मुलगा चार वर्षांचा. डगलं-बूट घातलेला माणूस दारात बघून पोरगं ओरडलं, “आये, पोलीस आला!” मेजर हसले. काकी हसल्या नाहीत. आणि आमच्या आईनं बघितलं की मेजरांच्या गळ्यात माळ नव्हती. कुणी विचारलं नाही. फौजेत तुटली असेल, असं सगळ्यांनी धरलं.

ते सालं दुष्काळाचं. बहात्तरचा दुष्काळ ज्यांनी बघितला ती माणसं इथं आता थोडी आहेत. विहिरी आटल्या, बैल विकले, सरकारनं खडी फोडायची कामं काढली. मुलांना सुकडी, रेशनवर लाल मिलो. मनिऑर्डर यायची, पण घरात खाणारी सहा तोंडं आणि सासऱ्याचं दुखणं. काकी खडीवर जायच्या. आम्हीही जायचो, चौदा वर्षांचे होतो, त्यामुळं डोळ्यांनी बघितलेलं सांगतो. आणि संध्याकाळी त्याच हातांनी पत्र लिहायचो. काकी सांगायच्या, “लिही, बैलं बरी हायेत.” गोठा रिकामा. “लिही, पाऊस बरा झाला.” आम्ही म्हणायचो, काकी, हे खोटं हाय. त्या म्हणायच्या, “त्यांच्या हातात बंदूक असती बाबा. मन हिकडं आलं तर?”

त्या पौषात काकींना पाचवा महिना होता. मेजरांना कळवलेलं नव्हतं, आल्यावर कळेल म्हणत होत्या. एका दुपारी खडीच्या ढिगावरच पोट खाली झालं. बायकांनी लुगड्यांचा आडोसा केला. आम्हाला काही समजलं नाही, पाटी घेऊन उभे होतो, आईनं हाकलून दिलं. आठव्या दिवशी काकींनी पत्र लिहायला बोलावलं. आम्ही आंतर्देशीय पत्र मांडीवर घेतलं. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “लिही, सर्व खुशाल आहे.” आणि आमचा हात धरून शपथ घातली, ही गोष्ट त्यांना सांगायची नाही.

ही गोष्ट माणसांत बोलावी का, म्हणून आम्ही आधी त्यांच्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, बोला महाराज. म्हणून बोललो. पुढच्या आषाढीला काकी वारीत होत्या.

१९८९ ला मेजर पेन्शन घेऊन आले. पुढच्याच एकादशीला आमच्या वडिलांकडे आले, म्हणाले, आबा, माळ घाला. आता आपल्यात कसं असतं ते तुम्हाला माहीत आहे. पाच-सहा जाणते बसलेले. कुणी म्हणालं, फौजेत मटण खाल्लं असेल. मेजर म्हणाले, खाल्लं. दारू? म्हणाले, रमचा कोटा असतो, बर्फात घेतली. मग एकानं हळूच विचारलं, आणि माणसं...? मेजर म्हणाले, ती पण. सगळे गप्प झाले. खरं सांगतो, गप्प होणाऱ्यांत आम्ही होतो. तिशी गाठलेली, नुकती कीर्तनं मिळायला लागलेली, त्यामुळं सोवळं जरा जास्तच.

आमचे वडील उठले. म्हणाले, “ही पालखी कुणी चालू केली? हैबतबाबा आरफळकरांनी. ते कोण? शिंद्यांच्या चाकरीतले सरदार. हातात तलवार धरलेला माणूस. दिंड्यांचे नंबर, रथापुढं कोण, रथामागं कोण, चोपदारानं चोप वर केला की सगळा समाज चिडीचूप, ही शिस्त फौजेची हाय. त्यांच्या पायरीवर डोकं ठेवून तुम्ही आळंदीत आत जाता, आणि शिपायाला माळ न्हाई म्हणता?” आणि वडिलांनी माळ घातली. काकी दारात उभ्या होत्या.

त्या वर्षीपासून दोघं वारीत. मेजर टाळकऱ्यांत, काकी मागं. समाजआरतीला ज्या दिंडीची तक्रार असेल तिनं टाळ वाजवत राहायचं, बाकी सगळे थांबतात, मग चोपदार येऊन ऐकून घेतात. मेजरांना ह्याचं फार कौतुक. म्हणायचे, फौजेत तक्रार करायला तीन अर्ज लागतात, इथं टाळ पुरतो.

दुसऱ्या का तिसऱ्या वर्षी त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. मुक्कामावर काकी रात्री अडीचला उठतात. त्यांनी विचारलं, इतक्या लवकर कुठं? काकी म्हणाल्या, बाप्यांना उजाडलं तरी चालतं, बायांना अंधारातच जावं लागतं. आणि दुपारी? दुपारी पाणीच प्यायचं नाही. एवढी वर्षं असंच? असंच. काकींनी हे सहज सांगितलं, पण मेजरांनी ते लावून घेतलं. पुढच्या वारीला ट्रकमध्ये त्यांनी सहा कुदळी, फावडी, बांबू आणि बारदानं टाकली. आम्ही हसलो. मुक्कामाला पोचलो की ह्यांचं पहिलं काम म्हणजे शेतमालकाला हात जोडून जागा मागणं. विहीर, ओढा लांब पाहिजे, वारा तंबूकडं येता कामा नये. मग हातभर रुंद चर खणायचा, काढलेली माती कडेला ठेवायची, भोवती बारदानाचा आडोसा, दोन कंदील, मातीत खोरं रोवलेलं. निघताना सगळं बुजवून वर खूण. म्हणायचे, “फौजेत कॅम्प पडला की आधी चर आणि मग चहा. रोगानं जेवढी फौज मेली तेवढी गोळीनं न्हाई.” सरकारी फिरते संडास यायच्या कितीतरी आधीची गोष्ट ही. शेजारच्या दिंड्यांतल्या बाया आपल्या तंबूकडं यायला लागल्या, तेव्हा आपली पोरं लाजायची. मेजर कंदील घेऊन लांब पाठमोरे उभे राहायचे, सेंट्रीसारखे. आम्ही दिवसा ज्ञानेश्वरी सांगत होतो आणि हा माणूस रात्री ते करत होता.

पाण्याच्या टँकरचं, तंबूचं, औषधांच्या पेटीचं सगळं पुढं त्यांच्याकडंच आलं. गावात पहाटे पोरांना भरतीसाठी पळवायचे तेही होतं. ते सगळं सांगत बसत नाही, त्यांनी तयार केलेली पोरंच इथं मांडवात बसलीत.

आता आमची चूक सांगतो. १९९८ ला आपले जुने विणेकरी वैकुंठवासी झाले. वीणा कुणी घ्यायची, बैठक झाली. निम्मी मंडळी म्हणाली, मेजर. आम्ही उठून म्हणालो, वीणा माऊलीसमोर अखंड उभी असते, ती ज्या हातात द्यायची तो हात निर्मळ पाहिजे. वडील तेव्हा नव्हते, नाहीतर आमचं तोंड उघडलं नसतं. मेजर मागं बसले होते. ते म्हणाले, “महाराजांचं बरोबर हाय. माझ्याकडं फावडं हाय, ते बरं हाय.” आणि विषय संपला. आमचं म्हणणं शास्त्राला धरून होतं असं आम्ही बरीच वर्षं मानलं.

काकी २०११ च्या माघात गेल्या. त्या आषाढीला मेजर एकटेच आले. तरडगावचा मुक्काम, चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण झालेलं, संध्याकाळपासून पाऊस. तंबूत पाणी शिरलं, निजायला जागा नाही, म्हणून आम्ही दोघं ट्रकच्या फाळक्याला टेकून बसलो. तिथं त्यांनी जमालपूरचं राहिलेलं सांगितलं. उजाडल्यावर ह्यांच्या सेक्शनला प्रेतं गोळा करायचं काम लागलं. ह्यांच्या मशीनगनच्या समोर, वीस पावलांवर, एक पोरगा पालथा पडलेला. विशीचा असेल. उलटा केला तर मुठीत जपमाळ, तसबीह म्हणतात ती. मूठ सोडवेना. मेजर म्हणाले, “महाराज, तो पण चालताना नामच घेत व्हता. रातभर मी पण घेत व्हतो. त्याच्या मुठीत त्याची, माझ्या गळ्यात माझी. मी माझी काढून त्याच्याबरोबर मातीत ठेवली. आबांनी नवी घातली, तेव्हा सांगायचं व्हतं. पण सगळी गप्प बसली, मग मी पण बसलो.”

आम्हाला बोलता येईना. कीर्तनात आम्ही दीड तास बोलतो. मग आमच्याच्यानं राहवलं नाही. काकी गेल्या होत्या, शपथ आता कुणाशी पाळायची? आम्ही त्यांना खडीच्या ढिगाचं सांगितलं. पत्राचंही सांगितलं, की ‘सर्व खुशाल’ आमच्या हातचं होतं. ते ऐकत राहिले. काही विचारलं नाही. मुलगा होता का मुलगी, एवढंही नाही. थोड्या वेळानं उठले, डोक्यावर पोतं घेतलं आणि पावसात चर खणायला गेले. त्या दिवशी आम्हीही गेलो. आयुष्यात पहिल्यांदा त्या कामाला हात लावला.

सकाळी फलटणच्या वाटेला लागल्यावर ते आमच्या शेजारी आले आणि म्हणाले, “तुमचं अक्षर मात्र चांगलं व्हतं महाराज. ती सगळी पत्रं ट्रंकेत हायेत.”

२०१९ ला वाखरीच्या मुक्कामी आम्ही स्वतः वीणा घेऊन त्यांच्याकडं गेलो. चार माणसांसमोर म्हणालो, १९९८ ला आमचं चुकलं. त्यांनी हात जोडले. म्हणाले, आता पेलायची नाही. आग्रह केला, ऐकलं नाही. ती त्यांची शेवटची पायी वारी ठरली. दुसऱ्या वर्षी साथीचा रोग, माऊलींच्या पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. मेजर घरी रोज त्या त्या मुक्कामाचं नाव घेऊन अंगणात बसायचे, आज जेजुरी, आज वाल्हे. २०२२ च्या हिवाळ्यात गेले. माजी सैनिकांनी तिरंगा घातला, सलामी दिली, आपण टाळ-मृदंग वाजवले.

आता शेवटची गोष्ट, आणि ह्यासाठीच आम्ही उभे राहिलो. ह्या पुस्तकात मागं वारकऱ्यांची शंभर वर्षांची यादी द्यायची म्हणून कमिटीनं दिंडीची जुनी भिशीची वही आमच्याकडं दिली. अक्षर लागत नाही म्हणून. १९६७ पासून १९८९ पर्यंतची पानं आम्ही काढली. मेजरांचं नाव दरसाल आहे आणि पुढं लिहिलंय, ‘गैरहजर, फौजेत’. त्याच्या खाली, भिशी भरल्याची खूण करून, ‘घरून १ बाई’. सगळ्या वर्षी हेच. कुठंही नाव नाही. वही आमच्या वडिलांच्या हातची आहे, आणि १९८० च्या पुढची आमच्या हातची आहे. ज्यांची पत्रं आम्ही लिहिली त्यांचं नाव आम्ही दहा वर्षं वहीत लिहिलं नाही. लिहायचं असतं हेच डोक्यात आलं नाही. अशा ‘१ बाई’ त्या वहीत आणखीही आहेत, आम्ही मोजल्या, नऊ घरांच्या. त्यांच्या लेकीसुनांनी नंतर आमच्याकडं यावं.

वही इथं आणली आहे. मेजरांचा मुलगा समोर बसला आहे. बाबा, तू वर ये. आईचं नाव माहेरच्या नावासकट सांग, लाजू नकोस. सेक्रेटरी, पेन काढा. आम्ही लिहितो, अक्षर अजून बरं आहे.

रामकृष्णहरी.